चोवीस नावं, तेवीस तसबिरी

मंगळवारी दुपारी आठवड्याच्या शालेय भेटींच्या याद्या आल्या. गुरुवार, सकाळी दहा, इयत्ता पाचवी, अडतीस मुलं. जुन्या राजभवनाच्या गाईडबाई दर मंगळवारी करायच्या तेच करत होत्या. पेन्सिलीने एकेका नावापुढे टिंब देत मोजणी. सतराव्या नावापुढे टिंब पडलं आणि पेन्सिल तिथेच राहिली. आडनाव त्यांचंच होतं. मधलं नाव त्यांच्या धाकट्या भावाचं. वय दहा. पालकांची सही झालेली.

उरलेली एकवीस नावंही त्यांनी मोजली. यादी बरोबर होती.

ही मुलगी आठ महिन्यांची असताना त्यांच्याकडे आली होती. तिची आई चार दिवसांच्या तापात गेली. भावाची नोकरी पुलांच्या बांधकामावर, महिन्यातून दोन दिवस घरी. मूल ठेवायला त्याच्याजवळ एवढीच जागा होती : दोन खोल्यांत एकटी राहणारी, लग्न न केलेली थोरली बहीण. पहिले तीन आठवडे मूल असं कर्कश्श रडलं की खालच्या मजल्यावरच्या बाईने जिन्यात गाठून विचारलं, "टिटवी पाळलीय का हो घरात?" तेव्हापासून ती टिटवी.

बाई तिला 'आत्या' म्हणायला शिकवत होत्या. टिटवी 'आत्ता' म्हणायची. "आत्ता, पाणी! आत्ता, उचल!" हुकूम सोडल्यासारखं. दोन वर्षांची झाली तेव्हा मैदानावरच्या मुलांकडून एक शब्द उचलून आली आणि घरात शिरताच बाईंना 'आई' म्हणाली. त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता, म्हणून बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता.

ती साडेचार वर्षांची असताना भावाने पुन्हा लग्न केलं, शहरात बदली मागून घेतली आणि मुलीला घरी नेलं. वहिनी चांगली होती, त्याबद्दल बाईंनी कधी वाकडा शब्द काढला नाही. पण टिटवी रोज संध्याकाळी चपला घालून दाराशी बसायची आणि आईकडे जायचंय म्हणायची. नवी आई त्या वेळी आत तिचं ताट वाढत असायची. डॉक्टर म्हणाले, सहा महिने भेटी बंद ठेवून बघा. बाईंनीही मान डोलावली. सहा महिन्यांनी मुलगी नुकती कुठे रुळत होती, म्हणून आणखी थोडे दिवस. मग शाळा सुरू झाली. मग घर बदललं. कुणी भांडलं नाही, कुणी 'कधीच नाही' असं म्हणालं नाही. साडेपाच वर्षं झाली. पहिली तीन वर्षं वाढदिवसाला एक फोटो यायचा, मग तोही राहून गेला.

बुधवारी संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, उद्याचं कळलंच असेल तुला."

"यादी माझ्याकडेच येते."

"मी त्या फॉर्मवर सही केली ना, तेव्हा लक्षातच आलं नाही. 'ऐतिहासिक वास्तू' असं लिहिलं होतं. मला वाटलं किल्लाबिल्ला असेल."

"बरं."

"उद्या एक दिवस रजा नाही का घेता येणार तुला?"

"काय सांगू अधीक्षकांना?"

"सांग डोकं दुखतंय."

"गेली अकरा वर्षं माझं डोकं बाराही महिने दुखतंय. ते ओळखून आहेत."

भाऊ हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला. बाईंनीच विचारलं, "तिला काही आठवतं का रे?"

"नाही गं. काहीच नाही. म्हणून तर म्हणतोय. आता कुठे सगळं… ही पण आता निवांत झालीय. उगाच ढवळायला नको."

"आठवत नसेल तर घाबरतोस कशाला?"

मग लगेच बाई म्हणाल्या, "हे बघ. चाळीस मिनिटांचा फेरा असतो. मी राज्यपाल सांगेन. दुसरं काही बोलणार नाही."

"नुसते राज्यपाल?"

"नुसते राज्यपाल."

"शब्द देतेस?"

"आता लिहून देऊ का?" बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

राज्यपाल हल्ली गावाबाहेरच्या नव्या इमारतीत राहतात. जुन्या राजभवनाचं संग्रहालय झालं, त्याला बरीच वर्षं लोटली. तळमजल्यावर तसबिरींचं लांबट दालन आहे. एका भिंतीवर आजवरच्या राज्यपालांच्या तसबिरी, आधीची तैलचित्रं, नंतरचे फोटो. दाराशी लाकडी नामफलक, त्यावर पिवळ्या रंगात नावं आणि कारकीर्दीच्या तारखा. चाळीस मिनिटांत चोवीस राज्यपाल मुलांच्या गळी उतरत नाहीत, हे बाईंना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून त्यांनी नऊ निवडले, प्रत्येकाला एक टोपणनाव दिलं आणि एक गोष्ट. उरलेल्यांसाठी एक ठरलेलं वाक्य होतं : "हे पुढचे तिघे सज्जन होते, त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला." मुलं नमस्कार करायची आणि पुढे जायची. एकदा एका मुलीने विचारलं होतं, सज्जन म्हणजे ज्यांनी काहीच केलं नाही ते का? बाईंनी तिला त्या दिवशी सगळ्यात पुढे उभं केलं होतं.

गुरुवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना बस आली. अडतीस मुलं, त्यात सतरा मुली, सगळ्यांचा गणवेश एकच, निळा. हजेरी बसमध्येच झाली होती. बाई दालनाच्या दाराशी उभ्या राहून एकेक चेहरा बघत होत्या. त्यांच्याजवळचा शेवटचा फोटो सात वर्षांच्या मुलीचा होता : दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. तिसऱ्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती. हसली की गालाला खळी पडत होती, बाईंच्या भावाला पडते तशी, डाव्याच गालाला. बाईंनी तिच्याकडे बघतच सुरुवात केली.

"राज्यपाल म्हणजे काय, कोण सांगेल?"

"राजा!"

"राजाचा पालक!"

"म्हणजे राजाचे बाबा," एकजण म्हणाला आणि वर्ग हसला.

"राजा नाही आणि त्याचे बाबाही नाहीत. असं समजा, वर्गात तुम्ही सगळ्यांनी मिळून एक नियम ठरवला. वहीत लिहिला. पण टीचरनी खाली सही केली तरच तो नियम. ती शेवटची सही करणारा माणूस म्हणजे राज्यपाल. नियम तुमचा, सही त्याची."

"आणि त्यांना नसेल करायची सही?"

"तर ते कागद परत पाठवू शकतात. पुन्हा विचार करा म्हणून. पण तोच कागद पुन्हा आला, तर मात्र सही करावी लागते."

"आमची आई दहा वेळा परत पाठवते," मागून आवाज आला.

"आई राज्यपालांपेक्षा मोठी," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या दर गुरुवारी म्हणायच्या आणि दर गुरुवारी ते चालायचं. आज त्यांना ते जिभेवर जड वाटलं.

पहिले राज्यपाल छत्रीवाले. ते आले तेव्हा या इमारतीला छप्परच नव्हतं. शपथेच्या वेळी पाऊस आला, म्हणून त्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली आणि डाव्या हाताने छत्री धरली. चित्रकाराने चित्रातून छत्री काढून टाकली, पण डाव्या हाताची मूठ तशीच राहिली. मुलांनी मूठ शोधली. दुसरे घोडेवाले. त्यांच्या तबेल्यात अकरा घोडे होते आणि त्यांना मंत्र्यांची नावं ठेवलेली होती. सकाळी खिडकीतून ओरडायचे, अर्थमंत्र्यांना पाणी पाजा, शिक्षणमंत्र्यांचे नाल बदला. खरे मंत्री भेटायला यायचे तेव्हा नोकर तोंड लपवत हसायचे. चौथे नाहीवाले. त्यांनी सात कागद परत पाठवले, सातही पुन्हा आले आणि सातहीवर त्यांना सही करावी लागली. त्या सात सह्या पुढे कपाटात ठेवल्या आहेत. प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा लहान आहे. अशा गोष्टी आणि मधले नमस्कार करत वर्ग अकराव्यांपर्यंत आला.

हे सगळं बाई खळी पडणाऱ्या मुलीकडे बघून सांगत होत्या. ती हसली की त्यांना हायसं वाटत होतं. घोड्यांवर ती खूप हसली. आवाज कुणासारखा आहे, हे त्या मनात जुळवत होत्या. थोडा वहिनीसारखा झाला असेल, असं त्यांनी ठरवलंही.

दहा वाजून दहा मिनिटांनी वर्गशिक्षिका ओरडल्या, "सतरा नंबर! रांगेतून बाहेर का गेलीस? चल, जागेवर ये!"

खळीवाली मुलगी हलली नाही. नामफलकाजवळून एक काडीसारखी, चष्मा लावलेली, मुलासारखे बारीक केस कापलेली मुलगी वळली. तिच्या हातात वही होती, तोंडात पेन्सिल. ती पेन्सिल काढून म्हणाली, "टीचर, एक मिनिट. चुकलंय इथे काहीतरी."

बाईंनी कपाटाची कड धरली. दहा मिनिटं त्या दुसऱ्याच कुणाच्या मुलीला राज्यपाल सांगत होत्या.

"काय चुकलंय?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला.

"पाटीवर चोवीस नावं आहेत," टिटवी म्हणाली. "भिंतीवर तेवीस फोटो आहेत. मी दोनदा मोजले."

"एक चोरीला गेला असेल," खळीवाली म्हणाली.

"तू गप्प बस. तुला मोजता येत नाही," टिटवीने तिला झटकलं आणि बाईंकडे बघितलं. सरळ बघितलं. मुलं पोस्टमनकडे किंवा डॉक्टरकडे बघतात तसं, उत्तर हवंय म्हणून. बाईंनी त्या नजरेत आणखी काही आहे का ते पाहिलं. नव्हतं.

"बारावं नाव वाच," त्या म्हणाल्या.

टिटवी फलकाशी गेली. "हे लहान अक्षरात आहे. दोन ओळींच्या मध्ये घुसवलंय. आणि पुढे लिहिलंय, प्र-भा-री. कारकीर्द एकसष्ट दिवस."

"प्रभारी म्हणजे?"

"मला माहितीये!" तिघं एकदम म्हणाली. "आमच्या शाळेत पीटीचे सर प्रभारी मुख्याध्यापक आहेत."

"तीन वर्षं!" कुणीतरी भर घातली. वर्गशिक्षिकेला खोकला आला.

"मग तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही," बाई म्हणाल्या. "अकरावे राज्यपाल कारकीर्द चालू असतानाच वारले. नवे नेमेपर्यंत कुणीतरी हवं. अशा वेळी मुख्य न्यायाधीश काम बघतात. हे बारावे ते मुख्य न्यायाधीश. दिवसभर इथे बसायचे, संध्याकाळी आपल्या घरी झोपायला जायचे. वरच्या मजल्यावरचा राज्यपालांचा पलंग त्यांनी एकदाही वापरला नाही. माझा नाही म्हणाले. आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात नदीला पूर आला. खालच्या वस्तीतली नऊशे माणसं उघड्यावर आली. त्यांनी एका कागदावर सही केली आणि राजभवनाची बाग आणि हा तळमजला लोकांना उघडून दिला. इथे जिथे तुम्ही उभे आहात तिथे बाया स्वयंपाक करत होत्या. बघा, फरशीवर काळे डाग आहेत."

मुलांनी पाय उचलून पाहिलं.

"चाळीस दिवस माणसं इथे होती. मग पाणी उतरलं, माणसं गेली, नवे राज्यपाल आले. न्यायाधीशांनी किल्ल्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता आपल्या न्यायालयात जाऊन बसले."

"आणि फोटो?" टिटवीने विचारलं.

"ज्यांची नेमणूक कायमची होते त्यांचीच तसबीर लागते. नियम आहे. फलकावरसुद्धा त्यांचं नाव नव्हतं. एकोणीस वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि रंगाऱ्याने मध्ये जागा करून लिहिलं."

"म्हणजे ते खोटे राज्यपाल होते?"

"खोटे नाहीत. प्रभारी."

"सही खरी होती ना पण?"

"खरी होती."

"मग?"

"मग काय?"

"मग फोटो पाहिजे," टिटवी म्हणाली. वाद घालताना ती एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी राहत होती. "त्यांना वाईट वाटलं असेल."

"मोठ्या माणसांना वाईट नाही वाटत," एक मुलगा म्हणाला.

"वाटतं. माझ्या बाबांना वाटतं. ते बोलत नाहीत तेव्हा वाटत असतं." आणि पुन्हा बाईंकडे वळून, "वाटलं का त्यांना वाईट?"

बाईंना शब्द दिल्याचं आठवत होतं. त्यांनी जे कागदावर आहे तेवढंच सांगायचं ठरवलं.

"त्यांनी तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण एक नोंदवही आहे. भेटीला येणाऱ्यांची. ती तिकडच्या कपाटात आहे, मी कधी मुलांना दाखवत नाही, कारण त्यात गोष्ट अशी काही नाही. पूर आला त्या तारखेला, पुढची चौदा वर्षं, दर वर्षी त्यात त्यांचं नाव आहे. फाटकावर नाव सांगून, इतर लोक येतात तसे आत आले. कामाच्या रकान्यात लिहिलंय, बाग पाहणे."

"काय बघायचे बागेत?"

"तेवढंच लिहिलंय."

"फाटकावरचे लोक त्यांना ओळखायचे का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पहिली काही वर्षं ओळखत असतील. मग पहारेकरी बदलले. नवव्या वर्षी त्यांच्या नावातलं एक अक्षर चुकीचं लिहिलंय. म्हणजे विचारून लिहिलं."

"मग त्यांनी सांगितलं नाही? की मी राज्यपाल होतो इथे?"

"नाही."

"का?"

"आत जायला तेवढं लागत नव्हतं," बाई म्हणाल्या.

टिटवीने हे वहीत लिहिलं. लिहिताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. एवढी एक गोष्ट बाईंच्या ओळखीची निघाली. रंगीत खडू पहिल्यांदा हातात धरला तेव्हापासूनची. बाईंनी मान फिरवली आणि तेरावे राज्यपाल सांगायला घेतले.

तेरावे त्या नऊ जणांत नव्हते. चौदावेही नव्हते. पण त्या दिवशी बाराव्यांनंतर बाईंनी कुणालाच सज्जन म्हणून सोडलं नाही. तेरावे जेवताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे, म्हणून त्यांच्या काळात सगळे महत्त्वाचे निर्णय हात धुताना झाले. चौदाव्यांना फुलांमुळे शिंका यायच्या, त्यांनी आठवड्यात सगळ्या फुलदाण्या रिकाम्या करवल्या आणि पाहुण्यांना वाटलं, सरकारचं दिवाळं निघालं. पंधराव्यांनी राज्यातली प्रत्येक शाळा बघायची प्रतिज्ञा केली आणि सत्तावन्नाव्या शाळेत एका मुलाने त्यांना पाढा विचारला. त्यानंतर दौरे थांबले. सोळाव्यांबद्दल खरोखर काहीच नव्हतं. बाईंनी त्यांच्या मिशांबद्दल तीन मिनिटं सांगितलं.

वर्गशिक्षिकेने घड्याळ पाहिलं. दहा एक्केचाळीस झाले होते.

"बाई, अजून किती आहेत?"

"थोडेच."

"गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या वर्गाला नऊच सांगितले होते," खळीवाली म्हणाली. "ती म्हणाली होती, बाकीच्यांना नुसता नमस्कार असतो."

"गेल्या वर्षी वेळ नव्हता," बाई म्हणाल्या.

सतरावे रोज सकाळी अंगणात पाऊस मोजायचे आणि वहीत लिहायचे, पाऊस नसला तरी. तीन वर्षांत शून्य आठशे वेळा लिहिलं. अठराव्यांना जिन्याची भीती वाटायची, म्हणून त्यांनी कचेरी खाली आणली, म्हणून हे दालन खाली आहे. एकोणिसाव्यांची सामानाची पेटी आली तेव्हा त्यांची बदलीही आली. पेटी उघडलीच नाही, तशीच परत पाठवली. बसचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला आणि शिक्षिकेला खुणा करू लागला. बाईंनी त्याला पाहिलं नाही असं केलं. विसावे. एकविसावे. पाय दुखले म्हणून मुलं फरशीवर बसली. टिटवी उभी होती. तिचं लिहिणं मागे पडलं होतं, ती हाताने झटके देत लिहीत होती आणि मध्येच "थांबा ना" म्हणत होती. ती 'थांबा' म्हणाली की बाई थांबत होत्या.

बाविसाव्यांनी प्रत्येक आलेल्या पत्राला स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, कंटाळवाण्या पत्रांनासुद्धा. तेविसाव्यांनी दिवे बंद करण्याचा हुकूम काढला होता. स्वतः फिरून दिवे बंद करायचे आणि अंधारात फर्निचरला अडखळायचे. चोविसाव्यांना बाईंनी स्वतः पाहिलं होतं. ते एकदा दालनात आले, आपली तसबीर कुठे लागेल ती जागा त्यांनी विचारली आणि तिथे थोडा वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले.

"आणि आत्ताचे?" कुणीतरी विचारलं.

"आत्ताचे भिंतीवर नाहीत, कारण ते अजून खुर्चीवर आहेत."

मुलं हसली. आणि राज्यपाल संपले. दहा एकोणसाठ झाले होते. दालनाच्या टोकाला खिडकी आहे, तिच्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

वर्ग उठला, कपडे झटकले, रांग झाली. एरवी या वेळी बाई प्रत्येक वर्गाला सांगतात : आईबाबांना घेऊन पुन्हा या. अकरा वर्षांत एकाही वर्गाला ते सांगायचं त्या विसरल्या नव्हत्या. आज त्यांनी ते सांगितलं नाही. ते राज्यपालांमध्ये बसत नव्हतं.

"थँक यू, बाई!" अडतीस मुलं एका सुरात म्हणाली.

टिटवी रांगेच्या शेवटी होती. ती वही मिटत पुढे आली. "बाई, माझे चौदापर्यंतच झाले लिहून. तुम्ही फार भरभर सांगता."

"सतरा नंबर! बस सुटतेय!"

"हो टीचर!" आणि बाईंना, "सोळाव्यांचं खरंच मिशांचंच होतं ना सगळं? मला वाटलं तुम्ही बनवताय."

"मिशा खऱ्या होत्या," बाई म्हणाल्या.

टिटवी हसली. तिला खळी पडत नव्हती. ती पळत गेली, पायरीवर अडखळली, सावरली आणि बसमध्ये चढली. कोणत्या खिडकीशी बसली ते काचेवरच्या उजेडामुळे दिसलं नाही.

संध्याकाळी भावाचा फोन येणार हे बाईंना ठाऊक होतं. सात वाजता आला.

"काही बोललीस का तिला?"

"राज्यपाल सांगितले."

"ओळखलं का तिने?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. अनोळखी बाईशी बोलावं तसं बोलली. नीट बोलली. चांगली वाढवलीय तुम्ही दोघांनी." मग थांबून बाई म्हणाल्या, "मीही नाही ओळखलं रे. पहिली दहा मिनिटं मी दुसऱ्याच पोरीकडे बघत होते. खळी होती तिला. मला वाटलं, हीच."

पलीकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज होता आणि एक मुलगी मोठमोठ्याने कुणाला तरी घोड्यांची नावं सांगत होती.

"केस तिने स्वतः कापले," भाऊ शेवटी म्हणाला. "गेल्या महिन्यात. कात्रीने. मग आम्ही सारखे करून आणले. चष्मा दीड वर्षं झाली."

"बरं."

"तू तिला पुन्हा ये म्हणालीस का?"

"नाही. एरवी सगळ्यांना म्हणते. आज नाही म्हटलं."

"मग ती कशाला हट्ट धरून बसलीय? आल्यापासून चालू आहे. म्हणे माझे दहा राज्यपाल राहिलेत. आईला म्हणते, तू पण चल, तिथे एक बाई आहेत, त्यांना विचारलं तर थांबतात." त्याने आवाज खाली आणला. "ही म्हणाली, कुठल्या बाई? मी काहीच बोललो नाही. मग हीच म्हणाली, मला माहितीये कुठल्या."

"मग?"

"मग काही नाही. जेवायला वाढलं तिने." मग भावाने विचारलं, "ताई, रविवारी उघडं असतं का गं ते?"

"दहा ते पाच. सोमवारी बंद."

"बरं. बघतो," तो म्हणाला. "हिच्याशी नीट बोलतो आणि बघतो."

फोन बंद झाला. बाईंनी तो कानाला तसाच धरून ठेवला होता, हे त्यांच्या थोड्या वेळाने लक्षात आलं.

शुक्रवारी सकाळी त्या अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. अधीक्षक कामाच्या पाळ्यांचा तक्ता आखत होते. बाईंची साप्ताहिक सुट्टी रविवारी असायची.

"साहेब, माझी रविवारची सुट्टी सोमवारी करा."

"सोमवारी तर सगळ्यांनाच सुट्टी, बाई. म्हणजे तुमची सुट्टीच गेली."

"चालेल."

अधीक्षकांनी वर पाहिलं. अकरा वर्षांत या बाईंनी काही मागितल्याचं त्यांना आठवेना. "पाहुणे येणार आहेत का?"

"बघतो म्हणालेत."

"कुठल्या रविवारी?"

बाईंनी आठवून पाहिलं. भावाने तारीख सांगितली नव्हती. त्यांनीही विचारली नव्हती.

"सगळे लिहा," त्या म्हणाल्या.